झडपेवरच्या गाठीसाठी घाट चढण्याआधी

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीच्या झडपेवर गाठ दिसली, 'पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा असावा' असं लिहून आलं आणि राजापूरहून कोल्हापूर गाठायचं ठरलं, तर आधी इकोची सीडी पिशवीत टाका. कागद नव्हे, सीडी. गेल्या वेळी आमची कपाटावरच राहिली आणि अणुस्कुरा घाट चढून गेल्यावर सगळं पुन्हा करावं लागलं. ही गाठ कॅन्सरची नसते, बहुधा सेंटिमीटरभरच असते. पण बारीक देठावर डुलते, आणि ओहोटीला कातळात दिसणाऱ्या समुद्रफुलासारखे तिला मऊ तंतू असतात. त्यांच्यावर रक्त गोठतं. ती गुठळी किंवा गाठीचाच तुकडा सुटला, तर रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकू शकतो. म्हणून ती किती हलते हे सर्जनला बघायचं असतं, आणि ते कागदावर दिसत नाही. सीडी घ्या.

आधार कार्ड, पैसे, कपडे सांगायला नकोत. गोळ्या पाकिटांसकट घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते लिहा. मनाने बंद करू नका. मध्यंतरी ताप होता का, तेही लिहा, कारण जंतुसंसर्गाने झडपेवर जमलेला गोळाही इकोत असाच दिसू शकतो. पाच मिनिटं हात बधिर झाला, शब्द फुटेना, मग आपोआप बरं वाटलं, असं काही झालेलं 'वात असेल' म्हणून सोडू नका. पेशंट लपवतो, घरच्यांना खोदून विचारा.

सीडी घेतलीत? मग ती कॉम्प्युटरवर उघडते का तेही बघा. रिकामी निघाली तर काय उपयोग? पेनड्राइव्हवर प्रत घ्या.

अन्ननलिकेतून इको करणार असतील तर साधारण ६ तास उपाशी, पहाटेचा दुधाचा चहाही नाही. कवळीला डबी. गिळताना त्रास होत असेल तर आधी सांगा. गुंगी देतात, सोबत माणूस हवाच.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर घड्याळ बघा. माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात. तोंडात पाणी, गोळी काहीही घालू नका. १०८ लावा, सीटी स्कॅन असेल तिथेच न्या.

पावसाळ्यात घाट चालू आहे ना, आदल्या रात्री विचारा.

ऑपरेशन ठरलं तर झडप राखून गाठ काढता येईल का, विचारा. बाकी तिथे सांगतात. सीडी परत मागा, काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेली ना आणि पुढचा इको कधी, ते लिहून घ्या.