चोवीस कामट्यांचा आकाशकंदील

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या सोसायटीतली पोरं माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काका, कागद कुठला आणायचा?" कागदाचं नंतर बघू. कंदील बसतो किंवा बिघडतो तो सांगाड्यात. मी आयुष्यभर कारखान्यात फिटर होतो, तिरकं माप दिसलं की मला जेवण गोड लागत नाही. तेव्हा हे सगळं जरा मोजूनमापूनच सांगतो.

आपला पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. त्याला २४ काड्या लागतात, सगळ्या एका लांबीच्या. गॅलरीत टांगायचा असेल तर चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर धरा, कंदील साधारण २८ सेंटिमीटर उंच होतो. वाड्याच्या दारात किंवा गच्चीवर लावायचा असेल तर बाजू ३० घ्या, उंची ४२ च्या आसपास जाते. गाठीसाठी दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर जास्त ठेवून काड्या कापा आणि बांधायच्या खुणा पेन्सिलीने करून ठेवा. खूण नसेल तर चौकोनाचा पतंग होतो.

कामट्या, म्हणजे या बांबूच्या काड्या, बुरुडाकडून आणा. पुण्यात असाल तर बुरुड आळी आहेच, गावाकडे बाजाराच्या दिवशी टोपल्या-सुपं विकणारे बसतात, त्यांना सांगितलं की ते तासून देतात. जाडी चार-पाच मिलिमीटर पुरते. वाळलेली कामटी कडाकडा मोडते, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवायची. मग कडांवरून पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर बांबूची कूस बोटात जाते आणि ती काढता काढता फराळाची वेळ होते. अगदी छोटे कंदील हवे असतील, मुलांच्या खिडकीत माळेसारखे लावायला, तर खराट्याचे हीर चालतात. फुकटात काम होतं. फक्त घरातल्या बाईंना विचारून खराटा सोडा.

बांधायला सुतळी नको, गाठ गबदुल होते. गोधडीचा दोरा घ्या. दोन काड्या एकमेकींवर काटकोनात ठेवायच्या, दोरा फुलीसारखा तीन-चार वेढे फिरवायचा आणि शेवटी दोन काड्यांच्या मधून एक वेढा आवळून गाठ मारायची. तो मधला वेढा पुष्कळ जण टाळतात आणि मग काडी सरकते म्हणून कुरकुरतात.

आता क्रम. आधी १६ काड्यांचे चार चौकोन करा. चारही चौकोन टोकावर उभे धरा, शंकरपाळ्यासारखे, आणि शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला कोपरा बांधत गोल फिरवून चौथा पहिल्याला जोडा. आता वर चार टोकं दिसतील, खाली चार. उरलेल्या आठ काड्यांपैकी चार वरच्या टोकांना जोडत न्या, चार खालच्या. वर एक आडवा चौकोन, खाली एक आडवा चौकोन, आणि मधल्या मोकळ्या जागांत आपोआप आठ त्रिकोण. प्रत्येक सांध्यावर चार काड्या आल्या पाहिजेत. कुठे तीन दिसल्या तर मोजणी चुकली.

हा सांगाडा हातात घेतला की पिळतो. घाबरू नका. त्रिकोण हलत नाही, पण चौकोन दाबला तर चेंगरतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. म्हणून मी कर्णाच्या मापाची, म्हणजे २० च्या चौकोनाला २८ सेंटिमीटरची, एक काडी हाताशी ठेवतो. ती प्रत्येक चौकोनात दोन्ही तिरक्यांनी लावून बघायची. एका बाजूला बसली आणि दुसऱ्या बाजूला अडकली तर हाताने दाबून सरळ करायचं. वरच्या आणि खालच्या चौकोनात अशी एकेक काडी कायमचीच बांधून टाका, पीळ बराच आवरतो. वरच्या काडीला पुढे दिव्याचा होल्डर बांधायचा आहे. राहिलेलं डुगडुगणं कागद ताणून बसला की जातं.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचं. आमच्या लहानपणी त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विष आहे. पोरं बोटं चाटत काम करतात, तेव्हा घालू नका. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच शिजवा. बाटलीतला गोंद मला आवडत नाही, पतंगी कागदावर त्याचे डाग दिव्यापुढे दिसतात.

कागद पतंगीच. जिलेटिन चकचकतं पण उजेड डोळ्यात घुसतो, पतंगी कागद उजेड गाळून देतो. वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे १२ तुकडे लागतात: चार चौकोन, आठ त्रिकोण. प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर जास्त कापा, कोपरे छाटा, काठाला खळ लावून कामटीवर दुमडा. एका तुकड्याच्या समोरचा तुकडा पुढे लावायचा, म्हणजे ताण सारखा राहतो. रंगांबद्दल आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. मी चौकोन पिवळे आणि त्रिकोण लाल करतो, नातीला जांभळा हवा असतो. जांभळ्यातून उजेड अर्धासुद्धा येत नाही, पण तिचाही एक कंदील असतो. कडांच्या गाठी झाकायला सोनेरी कागदाच्या बोटभर पट्ट्या लावा.

झिरमिळ्यांसाठी कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या, कंदिलाच्या उंचीपेक्षा जरा लांब. त्या खालच्या चौकोनाच्या काड्यांना चिकटवा. टोकं कात्रीने विंचरल्यासारखी बारीक कापली की वाऱ्यावर छान हलतात.

दिवा एलईडीच, तीन ते पाच वॉटचा. जुना साठचा पिवळा बल्ब या आकाराच्या कंदिलात लावू नका, कागद करपतो आणि पुढचं सांगायला नको. दिवा बरोबर मध्ये, वरून साधारण १४ सेंटिमीटरवर यावा. कंदिलाचं वजन वायरवर टाकायचं नाही: वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्या एकत्र गाठवा आणि टांगायची दोरी त्यांना जोडा. वायर सैल राहू दे.

उरलेल्या कागदाचं तोरण सोपं आहे. पट्ट्यांचे त्रिकोण कापून दोऱ्यावर दुमडून चिकटवायचे, बस. पणत्या मात्र रंगवण्याआधी तीन-चार तास पाण्यात भिजवून पूर्ण सुकवा, नाहीतर पहिल्या रात्री तेल पणतीच पिते. गेरूचा हात बाहेरून द्या, आत नको.

बाजारात बरा कंदील घ्यायचा तर पाचशेची नोट मोडते. हा पहिल्या वर्षी शंभर-दीडशेत बसतो, आणि खरी बचत पुढच्या वर्षी. तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवा, ओल्या फडक्याने कागद भिजवून सोलून काढा, गाठी तपासा, सैल झाली असेल तिथे नवा दोरा घाला आणि सांगाडा माळ्यावर टांगून ठेवा, जमिनीवर नको, त्यावर कोणीतरी ट्रंक ठेवतंच. पुढच्या वेळी फक्त कागद आणि मैदा.