घरात दोन पोट्टे, गोष्टीचं मशीन एक: काय पाहून घ्यायचं

लेकरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही पण गोष्टी, गाणी तर ऐकवायची आहेत, मग स्क्रीन नसलेलं वाजणारं मशीन आणायचं ठरते, आणि बहुतेक जण दुकानात जाऊन सरळ "ब्लूटूथ स्पीकर द्या" म्हणतात. इथंच सगळं फसते. नुसत्या ब्लूटूथ स्पीकरला मोबाईल लागतेच, गोष्ट लावायला मोबाईल हाती घेतला की एक नोटिफिकेशन, मग एक व्हिडिओ, आणि दोन्ही पोट्टे परत त्याच स्क्रीनला चिकटले. म्हणून पहिली अट हीच ठेवा की मशीन मोबाईलशिवाय एकट्यानं वाजलं पाहिजे, मेमरी कार्ड नाहीतर पेन ड्राइव्ह लावला की सुरू.

यूट्यूबवर टोनीबॉक्स आणि योटो दिसतात, त्याबद्दल नेहमी विचारणा होते म्हणून थोडं सांगतो. टोनीबॉक्स 2016 मध्ये जर्मनीत आला, डब्यावर छोटी बाहुली ठेवली की तिची गोष्ट वाजते. योटो ब्रिटनचा, त्यात बाहुलीच्या जागी कार्ड खुपसायचं. कल्पना एकदम भारी आहे, डबा घरचा आणि बाहुली किंवा कार्ड ज्याचं त्याचं, पण गोष्ट त्या कार्डात भरलेली नसते, त्यात फक्त एक चिप असते, गोष्ट पहिल्यांदा वायफायवरून डब्यात उतरवावी लागते, मंग पुढं नेट नसलं तरी चालते. तयार गोष्टी मुख्यतः इंग्रजी, जर्मन अशा. स्वतःचं रेकॉर्डिंग टाकायची सोय दोन्हीत आहे, पण तेही त्यांच्या ॲप नाहीतर वेबसाइटवरूनच. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या खेड्यात, जिथं मोबाईलचा हॉटस्पॉट हेच वायफाय आणि बिघडलं तर दुरुस्तीला द्यायला कोणी नाही, तिथं हे घेऊ नका. त्यांची कल्पना मात्र घ्या.

म्हणजे काय करायचं, तर मशीन एक आणि पेन ड्राइव्ह दोन. तालुक्याच्या बाजारात, नाहीतर नागपूरला सीताबर्डीत, कार्ड-पेन ड्राइव्ह-एफएमवाले छोटे स्पीकर मिळतात, तेवढं पुरते. घरात आबासाठी आणलेला कारवां, म्हणजे जुनी गाणी भरून येणारा सारेगामाचा रेडिओ, असेल आणि त्याला यूएसबीची जागा असेल तर आधी तोच वापरून पाहा, आतली जुनी गाणी आबाची, पेन ड्राइव्ह पोट्ट्यांचे, नवीन काही घ्यायचं कामच नाही.

दुकानात जाताना घरून एक पेन ड्राइव्ह भरून न्या, पाच-सात फायली टाकून, आणि दुकानदाराला म्हणा भाऊ लावून दाखवा. तिसरी फाईल सुरू करा, मशीन बंद करा, परत चालू करा. तिसरीपासून वाजलं तर चांगलं, पहिल्यापासून वाजलं तर रोज रात्री तीच पहिली गोष्ट ऐकावी लागेल आणि त्यावरूनच दोघांत भांडण. मग बटणं पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये एकच बटण दोन कामं करते, टिचकी दिली तर पुढची गोष्ट, दाबून धरलं तर आवाज वाढते, आणि चार वर्षाच्या लेकराला हे जमत नाही, ते आवाज वाढवायला जाते आणि दादाची गोष्ट अर्ध्यात बदलते, की झाली सुरुवात. आवाजाचं फिरवायचं चाक वेगळं असलेलं मशीन मिळालं तर शे-दोनशे जास्त द्या. आवाज एकदम कमी करून पाहा, काही मशीन कमीतही मोठ्यानंच वाजतात, झोपताना कामाचे नाही. चालू करताना आतली बाई इंग्रजीत मोठ्यानं मोड सांगते तेही ऐकून घ्या. रंगीत लाईट बंद होतात का ते विचारा, नाही झाले तर काळी टेप चिकटवायची, सोपं आहे.

बॅटरी. आपल्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही म्हणून बॅटरी पाहिजेच, आणि ती काढता येणारी पाहिजे. पुष्कळशा मशीनमध्ये जुन्या नोकियाची बीएल-5सी बॅटरी बसते, ती कोणत्याही मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळते. चार्जिंग टाइप-सी असलं तर घरातल्याच चार्जरवर भागते. उन्हाळ्यात मात्र जपा, लिथियम बॅटरी साधारण 45 अंशाच्या वर चार्ज करायची नसते आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडं बाहेरच तेवढं असते, टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. पहाटे चार्ज करायचं, दुपारी नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. या मशीनसोबत एक चपटा रिमोट येते, त्यात गोल बटण-सेल असते. लहान लेकरानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासात आतून भाजू शकते. रिमोटची गरजच नाही, घरी आल्याबरोबर सेल काढून दोन्हीकडून टेप लावून लेकरांच्या हाताला न लागेल असा ठेवा. सेल गिळल्याची शंका आली तरी वाट पाहत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या. मेमरी कार्डही बारीक असते, तीन-चार वर्षाचं पोट्टं तोंडात घालते, म्हणून मी पेन ड्राइव्ह म्हणतो, तोही नखाएवढा नाही, लांबट, आणि त्याला दोन रंगाचे छोटे गोफ बांधायचे, लाल ताईचा, हिरवा लहान्याचा. वाचता न येणाऱ्यालाही आपला कोणता ते कळते. लहान्याचा मोठ्या माणसानंच लावायचा.

आता पाळी. घड्याळ लावून पंधरा मिनिटं तुझी, पंधरा माझी, हे लहान्यांना समजत नाही आणि गोष्ट मधातच तुटते. पाळी गोष्टीनं मोजा, एक गोष्ट तिची, ती संपली की पेन ड्राइव्ह बदलायचा, एक गोष्ट त्याची. लहान्याला तीच चिमणी-कावळ्याची गोष्ट रोज पाहिजे असते, मोठीला ती ऐकून ऐकून वीट येते, तेव्हा तिला सांगायचं की तुझ्या पाळीत तू तुझी लाव, त्याची बदलायची नाही. मशीन कोणाच्याही गादीजवळ ठेवू नका, मधल्या खोलीतल्या देवळीत ठेवा, लहान्याचा हात पुरेल इतक्या उंचीवर. मोठं पोट्टं आठवी-नववीत आणि दुसरं चार वर्षाचं असं मोठं अंतर असलं तर मात्र दोन मशीन घ्या, आणि दोन्ही सारखेच, रंगही तोच.

फायली भरताना बऱ्याच जणांचं अडते ते सांगतो. आजीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली व्हॉइस नोट जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर टाकली तर वाजत नाही, काहून की ती ओपस फॉरमॅटमध्ये असते आणि या मशीनला एमपी3 लागते. मोबाईलवर फुकटचं कन्व्हर्टर ॲप टाकून एमपी3 करा, ॲपमध्ये दर्जा विचारला तर 64 केबीपीएस मोनो निवडा, बोलण्यासाठी भरपूर झालं, एका तासाला तीस एमबीसुद्धा लागत नाहीत, 8 जीबीत अडीचशे तासांच्या वर बसते. 64 जीबीचा मोठा ड्राइव्ह घेऊ नका, तो बहुतेकदा एक्सफॅटमध्ये येते (ड्राइव्हवर फायली मांडायची ही एक पद्धत) आणि स्वस्त मशीन ते वाचत नाही, 32 जीबीपर्यंतचा फॅट32 या जुन्या पद्धतीत चालते. काही मशीन नावाप्रमाणं नाही तर ज्या क्रमानं कॉपी केल्या त्या क्रमानं वाजवतात, म्हणून 01, 02 असे नंबर द्याच आणि फायली त्याच क्रमानं एकेक टाका. एक गोष्ट पाच-आठ मिनिटांची ठेवा, अर्ध्या तासाची फाईल बंद पडली तर मशीनला कितव्या मिनिटाला होती ते लक्षात राहत नाही.

गोष्टी कुठून आणायच्या, तर आधी घरातून. कापूस वेचणीच्या दिवसात माय-बाप शेतात, आजी घरी, तिला रात्री बसवून आपल्या वऱ्हाडीतच बोलू द्या, "शुद्ध बोल" म्हणू नका, मधी खोकली तरी राहू द्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, तीही त्यांना विचारून भरून ठेवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, मोठ्या ताईला त्यातली एक रोज मोठ्यानं वाचायला लावा आणि ते रेकॉर्ड लहान्याच्या ड्राइव्हवर टाका, त्याला ताईचा आवाज फार आवडते आणि तिचं वाचन सुधारते. सगळ्याची एक कॉपी वेगळ्या कार्डावर ठेवा, पेन ड्राइव्ह कधी ना कधी बिघडतेच.

आवाजाचं शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं लेकरांसाठी 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास, ही वरची हद्द आहे. घरी मीटर नसते, म्हणून मशीनपासून हातभर अंतरावर उभं राहून साध्या आवाजात बोला, समोरच्याला ऐकू आलं तर ठीक, ओरडावं लागलं तर कमी करा, आणि मग चाकावर तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या, याच्या पुढं फिरवायचं नाही असं दोघांनाही दाखवून ठेवा.