डिजिटल रोजनिशीची किल्ली जपण्याची पूर्वतयारी

फोनवर किंवा संगणकावर खासगी रोजनिशी लिहिणाऱ्याने किल्ली उतरवून ठेवण्यासाठी कागद-पेन हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी : खात्याचा पासवर्ड, ॲप उघडताना लागणारा पासकोड किंवा अंगठा, आणि एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात बदलून कुलूपबंद करण्याची, किल्ली या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पासवर्ड विसरला तर ईमेलवर दुवा मागवून नवा ठेवता येतो. पासकोड फक्त त्या उपकरणापुरता असतो. किल्ली हरवली तर मात्र दाद मागायला जागा नाही, कारण ‘एंड-टू-एंड’ एन्क्रिप्शनमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचतो तो कोणालाही न वाचता येणारा मजकूर, आणि तो उलगडणारी किल्ली कंपनीकडे नसतेच. आपली रोजनिशी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनाही वाचता येऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. तिची किंमत म्हणून राखणीची जबाबदारी आपल्याकडे येते, आणि ती मनापासून स्वीकारावी असे मला वाटते.

आपल्या ॲपमध्ये जपायचे ते नेमके काय, हे त्यानंतर शोधावे. ‘डे वन’ या रोजनिशीच्या ॲपमध्ये अक्षरे आणि अंक मिळून झालेली एक लांब किल्ली ॲप स्वतः तयार करते आणि ती सेटिंग्जमध्ये पाहता येते. ‘जॉपलिन’ या टिपणांच्या ॲपमध्ये खरी किल्ली आपण ठरवलेल्या मास्टर पासवर्डने कुलूपबंद केलेली असते, म्हणून तिथे जपायचा तो मास्टर पासवर्ड. ‘ऑब्सिडियन’ या टिपणांच्या ॲपच्या सिंक सेवेतही, म्हणजे सर्व उपकरणांवर नोंदी सारख्या ठेवणाऱ्या सोयीतही, एन्क्रिप्शनचा पासवर्ड आपणच निवडतो आणि तो खात्याच्या पासवर्डहून वेगळा असतो. भलतीच गोष्ट जपून ठेवली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई नको.

हे काम रोजनिशी व्यवस्थित उघडत असलेल्या उपकरणावर, निवांत वेळी करावे. फोन दुरुस्तीला देण्याच्या किंवा बदलण्याच्या दिवशी ते मुळीच काढू नये. सर्व उपकरणांवरील सिंक पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी आणि काम संपेपर्यंत कोणत्याही उपकरणावरून ॲप काढून टाकू नये. त्याच बैठकीत संपूर्ण रोजनिशीची एक निर्यात (एक्स्पोर्ट) प्रत काढून ठेवावी, कारण ॲपची मालकी बदलते, ॲप बंदही पडते. ‘डे वन’ २०११ मध्ये सुरू झाले आणि २०२१ मध्ये ‘ऑटोमॅटिक’ कंपनीकडे गेले. ते आजही चालू आहे, पण प्रत्येक ॲपच्या बाबतीत तसे होईलच असे नाही. निर्यात केलेली फाइल सहसा उघडी, कोणालाही वाचता येईल अशी असते, हे लक्षात घेऊन ती ‘सेव्हन-झिप’ या फाइली बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये पासवर्ड घालून किंवा ‘व्हेराक्रिप्ट’ या प्रोग्रामच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवावी.

किल्लीची पहिली प्रत कागदावर असावी आणि शक्यतो ती हाताने लिहावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. घरी प्रिंटर नसला की आपण किल्लीची पीडीएफ व्हॉट्सॲपवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठवतो. तिथल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ती फाइल किती दिवस राहते आणि किती जणांच्या नजरेखालून जाते, हे आपल्या हातात राहत नाही. हाताने लिहायला दहा मिनिटे पुरतात. साध्या बॉलपेनने, मोठ्या आणि सुट्या अक्षरांत, चार-चार अक्षरांचे गट पाडून लिहावे. मूळ किल्लीत आडव्या रेघा असतील तर त्या जागच्या जागी ठेवाव्यात. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’, आठ आणि ‘बी’, दोन आणि ‘झेड’ या जोड्या दहा वर्षांनी आपल्याच हस्ताक्षरात ओळखू येत नाहीत, म्हणून अंकांखाली बारीक रेघ मारण्यासारखी एखादी खूण ठरवावी आणि ती खूण कोपऱ्यात लिहून ठेवावी. जेल पेनची बरीचशी शाई पाण्याने पसरते. बिलाच्या पावतीसारख्या थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत उडून जाते. लिहून झाल्यावर किल्ली पडद्यावर पाहून शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक अक्षर ताडून घ्यावे, कारण सरळ वाचताना डोळे चूक झाकून पुढे जातात.

हा कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरांत आणि दुकानांत पाणी शिरले, तेव्हा खालच्या कप्प्यांतली कागदपत्रे कोणाची वाचली नसतील, याची कल्पना कोकणातल्या माणसाला वेगळी द्यावी लागत नाही. म्हणूनच दुसरी प्रत दुसऱ्या घरी, जमल्यास दुसऱ्या गावी, विश्वासाच्या माणसाकडे बंद पाकिटात असावी. बँकेचा लॉकर असेल तर तोही चालेल, पण एकमेव जागा म्हणून नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा बँक कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. त्या रकमेने रोजनिशी उघडत नाही.

तिसरी प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डाखाली जपणाऱ्या ॲपमध्ये ठेवावी. ‘बिटवॉर्डन’ किंवा ‘कीपास-एक्ससी’ यांत सुरक्षित टिपणाची सोय आहे. मात्र त्या मॅनेजरचा मास्टर पासवर्ड रोजनिशीतच लिहिलेला नाही ना, आणि त्याचा दोन टप्प्यांचा कोड फक्त त्याच फोनवर येत नाही ना, हे तपासावे. नाहीतर पेटीची किल्ली पेटीतच राहते. आयक्लाउड किंवा गूगल ड्राइव्हवर किल्ली आपोआप ठेवण्याची सोय ॲप देत असेल तर नवा फोन घेताना ती उपयोगी पडते आणि ती घेण्यास माझी हरकत नाही, पण त्या एका खात्याचा प्रवेश गेला तर तीही जाते. स्क्रीनशॉट मात्र काढूच नये. तो फोटोंच्या क्लाउडमध्ये आपोआप चढू शकतो आणि घरातल्या टॅबवर सगळ्यांसमोर उघडू शकतो.

किल्लीचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. त्यात कोणताही एक तुकडा हरवला तरी सर्व गेले. तीनपैकी कोणतेही दोन भाग पुरतील अशी गणिती पद्धत संकेतशास्त्रज्ञ अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली, पण घरगुती रोजनिशीसाठी तिचा खटाटोप आवश्यक नाही.

आता चाचणी, आणि ही पायरी चुकवली तर वरचे सगळे केवळ अंदाजावर उभे राहते. दुसरा फोन, जुना टॅब किंवा संगणक घ्यावा, तिथे ॲप नव्याने बसवावे, खात्यात शिरावे आणि किल्ली केवळ कागदावरून पाहून भरावी. ती आपोआप भरली गेली तर ती चाचणी मोजू नये. रोजनिशी उघडल्यावर सर्वांत जुनी नोंद, मधली एखादी आणि फोटो असलेली एक, अशा तीन नोंदी वाचून पाहाव्यात. दुसऱ्या कागदाचीही अशीच चाचणी पाकीट बंद करण्यापूर्वी करावी.

आपल्या पश्चात ही रोजनिशी कोणी वाचावी का, हा निर्णय अवघड असला तरी आताच घ्यावा. ॲपलच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ला, म्हणजे मृत्यूनंतर खाते पाहण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, कीचेनमधले (ॲपलच्या उपकरणांत साठवलेले) पासवर्ड मिळत नाहीत, तेव्हा कोणाला वाचू द्यायचे असेल तर पाकीट त्याच व्यक्तीच्या हाती जाईल अशी सोय करावी आणि खात्याचा पासवर्ड वेगळ्या ठिकाणी ठेवावा. कोणी वाचू नये असे वाटत असेल तर दुसऱ्या घरची प्रत न ठेवता लॉकर पसंत करावा, आणि लॉकरसाठी नॉमिनी म्हणून कोणाचे नाव दिले आहे ते आठवून पाहावे.

प्रत्येक कागदावर तारीख घालावी. पुढे कधी नवी किल्ली तयार केली तर नवे कागद लिहून, तपासून झाल्यावरच जुने कागद जाळावेत. आणि उठण्यापूर्वी फोन-संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधली किल्लीची पीडीएफ काढून टाकावी, कचरापेटीही रिकामी करावी, आणि किल्ली कॉपी केली असेल तर दुसरा एखादा शब्द कॉपी करावा आणि क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर त्यातूनही ती पुसावी.