जर्मन शब्दांचं लिंग: माझा गोंधळ कसा सुटला

मराठीतही तीन लिंगं आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘तो सूर्य’ जर्मनमध्ये डी झोनं, म्हणजे स्त्रीलिंगी; ‘ते टेबल’ मात्र डेअर टिश, म्हणजे पुल्लिंगी. अर्थावरून अंदाज बांधणं सोडून शब्दाचा शेवट पाहायला लागलो, तेव्हा गाडी रुळावर आली.

उंग, हाइट, काइट, शाफ्ट हे प्रत्यय आले की स्त्रीलिंग: डी त्साइटुंग, डी फ्राइहाइट. शेन किंवा लाइन आलं की नपुंसकलिंग, म्हणून मुलगीसुद्धा दास मेडशेन! पण उंग हा प्रत्ययच हवा. ‘श्प्रुंग’मध्ये (उडी) तो मूळ शब्दातलाच आहे, म्हणून डेअर श्प्रुंग. जोडशब्दात शेवटचा घटक लिंग ठरवतो: दास हाउस आणि डी ट्यूर मिळून डी हाउसट्यूर. वार, महिने सगळे डेअर.

उरलेले शब्द पाठच करावे लागतात. कार्डावर नुसतं ‘डेअर टिश’ लिहू नका, ‘इश काउफं डेन टिश’ (मी टेबल विकत घेतो) लिहा. एकवचनी द्वितीयेत फक्त पुल्लिंगी आर्टिकल (नामाआधीचा शब्द) बदलतं, डेअरचं डेन होतं, त्यामुळे एकवचनी नामाआधी डेन दिसलं की लिंग पक्कं. उलट ‘मिट डेअर फ्राउ’ (बाईबरोबर) ऐकून फ्राउ पुल्लिंगी समजू नका. ती स्त्रीलिंगाची चतुर्थी आहे. प्रथमा-द्वितीयेच्या अनेकवचनात तर सगळ्यांनाच डी लागतं आणि चतुर्थीच्या अनेकवचनात सगळ्यांनाच डेन, तिथून लिंग कळत नाही.