दोन कोअर स्विच, एक गेटवे: एचएसआरपी असं लावा

एचएसआरपीत दोन स्विच मिळून एकच गेटवे पत्ता सांभाळतात: एक अॅक्टिव्ह असतो, तो पडला की दुसरा जागा घेतो. व्हीएलएएन १० (स्विचवरचं एक वेगळं आभासी नेटवर्क) साठी मी पहिल्या सिस्को स्विचला १९२.१६८.१०.२ देतो, दुसऱ्याला १९२.१६८.१०.३, आणि १९२.१६८.१०.१ व्हर्च्युअल आयपीसाठी, म्हणजे दोघांच्या सामायिक पत्त्यासाठी, राखून ठेवतो. डीएचसीपीत (मशीनना आपोआप पत्ते देणारी सेवा) गेटवे म्हणून हाच जातोय ना, ते आधी बघा.

मग दोन्हीकडे व्हीएलएएन इंटरफेसमध्ये ‘स्टँडबाय १० आयपी १९२.१६८.१०.१’. पहिल्याची प्रायॉरिटी ११० करा, दुसऱ्याची मूळची १०० राहू द्या. प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्रायॉरिटीवाल्याने अॅक्टिव्हची जागा स्वतःकडे घेणं, मात्र हाताने टाकावं लागतं. त्याला डिले द्याच, नाहीतर रीबूट झालेला स्विच राउटिंग टेबल भरायच्या आतच ट्रॅफिक ओढून घेतो.

खरी मेख अपलिंकची. बाहेरची लाइन तुटली तरी आतल्या बाजूने हॅलो पॅकेट (‘मी चालू आहे’ हे दुसऱ्या स्विचला सांगणारे) जातच राहतात, आणि स्विच अॅक्टिव्ह म्हणून ठाण मांडून बसतो. म्हणून अपलिंक ट्रॅक करा, डिक्रिमेंट २० ठेवा: ११० चे ९० होतात आणि दुसरा पुढे येतो. पण त्यासाठी प्रीएम्प्ट दुसऱ्या स्विचवरही हवं! बरेच जण नेमकं तिथेच विसरतात.

स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधले लूप टाळणारी यंत्रणा) रूट पहिल्याच स्विचवर ठेवा. शेवटी बाहेरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवून अपलिंकची केबल काढा आणि दुसऱ्या स्विचवर ‘शो स्टँडबाय ब्रीफ’ बघा.