कोचिंगमध्ये येताय? पद नंतर, आधी संघ मागा

निक नर्स हे नाव बहुतेकांनी 2019 मध्ये ऐकलं, त्याचा संघ टोरोंटो रॅप्टर्स एनबीए ही बास्केटबॉलची लीग जिंकला तेव्हा. नव्या कोचनी त्याची आधीची वर्षं बघावीत. आयोवातल्या ग्रँड व्ह्यू कॉलेजात तो 23व्या वर्षी हेड कोच झाला. पुढे साउथ डकोटा विद्यापीठात सहायक होता. ते सोडून 1995 मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅम बुलेट्सकडे गेला आणि 1996 मध्ये तिथली लीग जिंकला. मग मँचेस्टर, लंडन, ब्रायटन. अमेरिकेत परतून आयोवा एनर्जी (2011) आणि रिओ ग्रँड व्हॅली व्हायपर्स (2013) या दोन संघांना डी-लीगचं, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगचं, विजेतेपद मिळवून दिलं.

एवढा फिरला, पण बहुतेक ठिकाणी संघ त्याच्या हातात होता. नवे लोक नेमके इथेच फसतात. मीही फसलो. एका शाळेने मला ‘हेड कोच’ म्हणून घेतलं. संघाची यादी ऑफिसातून यायची. स्नेहसंमेलनाचा मांडव कोर्टवर पडला की सराव बंद. जिल्ह्याच्या सामन्यात टाइमआउट घेतला, तर वरिष्ठांनी माझ्या हातातून डावपेच काढून दाखवायचा बोर्ड घेतला आणि स्वतःच बोलायला लागले. पोरं माझ्याकडे बघत राहिली. म्हणून होकार देण्याआधी विचारा: आठवड्याला कोर्ट किती तास? बारा जण कोण निवडणार? टाइमआउटमध्ये कोण बोलणार? उत्तरं लेखी घ्या. ‘बघू, आल्यावर ठरवू’ म्हणाले, तर जाऊ नका. पगार बरा असला तरी जाऊ नका.

2019 च्या फायनलमधल्या दुसऱ्या सामन्यात नर्सने बॉक्स-अँड-वन लावला: चौघे चौकोनात, पाचवा फक्त समोरच्या संघाचा स्टार स्टेफ करी याच्या मागे. शाळकरी डावपेच म्हणून नाक मुरडावं असा हा बचाव. तो सामना गेला, मालिका मात्र 4-2 ने जिंकली. ती हिंमत छोट्या गावांतल्या संघांवर स्वतः निर्णय घेऊन, त्यांची फळं भोगून आली, असं माझं ठाम मत आहे. यूट्यूबवरून डावपेच उतरवून ती येत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा जरूर करा, पण त्यानेही येत नाही. गुरू निवडताना त्याचं नाव किती मोठं ते बघू नका. चुरशीच्या सामन्यात तो बोर्ड तुमच्या हातात देतो का, ते बघा.

आणि तालुक्याच्या शाळेत चौदा वर्षांखालच्या मुली शिकवत असाल, तर मागे पडलो म्हणून झुरू नका. एनबीएत सहायकाची खुर्ची मिळाली तेव्हा नर्सची पंचेचाळिशी उलटली होती.