सक्रिय दीर्घिकांचे क्ष-किरण: वर्णपट वाचताना या चुका टाळा

सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रात वायू गिळणारे महाकाय कृष्णविवर असते. मॉडेल वर्णपटावर (कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण येतात त्या आलेखावर) नीट बसले म्हणजे क्ष-किरणांचा उगम कळला, असे धरू नका. एकाच वर्णपटावर दोन-तीन वेगळे उगम सारखेच चांगले बसतात.

बहुतेक जण अडकतात ते तबकडीपाशी, म्हणजे कृष्णविवरात पडणाऱ्या वायूच्या फिरत्या चकतीपाशी. १० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवतीची तबकडी साधारण १ लाख केल्विनपर्यंत तापते. तिचा प्रकाश मुख्यतः अतिनील. हेच फोटॉन विवरालगतच्या कोरोनातल्या (तप्त वायूच्या ढगातल्या), अब्जभर केल्विन तापलेल्या इलेक्ट्रॉनांवर आदळून क्ष-किरण होतात. १ केईव्हीखालच्या (केईव्ही म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) जास्तीच्या उत्सर्जनाला तबकडीचे मॉडेल लावले, की तापमान ऊर्जेच्या एककात ०.१ ते ०.२ केईव्ही येते आणि फिटही सुंदर दिसतो. इथे थांबू नका. इतर सारे सारखे असताना हजारपट जड विवराची तबकडी सुमारे साडेपाचपट थंड हवी. प्रत्यक्षात हलक्या-जड सगळ्याच दीर्घिकांत हाच आकडा येतो! म्हणजे ही तबकडीची उघडी उष्णता नव्हे. कोमट, दाट कोरोना आणि तबकडीवरचे परावर्तन, दोन्ही लावून पाहा.

एक्सस्पेक या वर्णपट-विश्लेषणाच्या संगणकप्रणालीत टीबीएब्स या शोषणाच्या मॉडेलचा स्तंभघनतेचा (दृष्टिरेषेवरच्या दर चौरस सेंटिमीटरमागच्या हायड्रोजन अणूंचा) आकडा १० च्या २२ व्या घाताच्या पटीत द्यायचा असतो. आकाशगंगेतला हायड्रोजन ४ गुणिले १० चा २० वा घात असेल, तर ०.०४ लिहा. तो गोठवा (स्थिर ठेवा), दीर्घिकेतल्या वायूसाठी वेगळा झेडटीबीएब्स घ्या आणि त्यात दीर्घिकेची ताम्रसृती (दूर जाण्यामुळे वाढलेली तरंगलांबी) भरा.

फोटॉन घातांक (ऊर्जा वाढते तसे फोटॉन किती झपाट्याने घटतात ते सांगणारा आकडा) सहसा १.७ ते २ येतो. तो १.२ आला तर कोरोना विचित्र आहे असे म्हणण्याआधी प्रकाश झाकणाऱ्या वायूचा आडोसा शोधा. ६.४ केईव्हीच्या लोहरेषेची समतुल्य रुंदी (आसपासच्या अखंड प्रकाशाच्या तुलनेत रेषेची ताकद) १ केईव्हीच्या आसपास असेल, तर थेट प्रकाश बहुधा झाकलेला आहे आणि आपण परावर्तनच मोजतो आहोत. एनजीसी १०६८ या दीर्घिकेत हेच घडते. नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीचा १० केईव्हीपुढचा भाग जोडल्याशिवाय निकाल देऊ नका.

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीची प्रतिमा पसरट असते. त्याच प्रतिमेतला भाग पार्श्वभूमी म्हणून घेतलात तर दीर्घिकेचेच फोटॉन वजा होतात. प्रतिमेच्या कोपऱ्यांत तर अंशांकनाचे (उपकरणाचे मोजमाप पडताळण्याचे) किरणोत्सारी लोह-५५ स्रोत बसवलेले आहेत. त्यांची ५.९ केईव्हीची रेषा चुकून वजा झाली, की लोहरेषेशेजारी खोटा खड्डा पडतो. एसएक्सटी चमूने दिलेली रिकाम्या आकाशाची पार्श्वभूमी वापरा.